मिठाने घासलेली गाडी

आमच्या गाडीवर मी मीठ चोळलं, हे भावाला सांगितलं तेव्हा तो हसला. पनवेलला दिलेल्या मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा तीही हसली. हसण्यासारखंच आहे ते. पण मीठ का चोळलं हे सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागतं, आणि ते तेवढं हसण्यासारखं नाही.

माझं माहेर पेणच्या खाडीकडचं. वडील मिठागरात काम करायचे, आता भाऊ करतो. आमच्या घरात मिठाला कधी तोटा नव्हता, तोटा होता तो गोड्या पाण्याचा. विहीर मचूळ, बोअर त्याहून मचूळ, आणि पिण्याचा हंडा आणायचा म्हणजे अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. त्यामुळे भांडी घासायची, डाग काढायचे, दात घासायचे, पाय दुखले तर शेकायचे, या सगळ्याला आमच्याकडे एकच औषध, मीठ. पितळेचा हंडा काळा पडला की भिजवलेलं आमसूल घ्यायचं, त्यावर मूठभर जाडं मीठ टाकायचं आणि हात भरून येईपर्यंत घासायचं. हंडा नव्यासारखा होतो. लग्न होऊन मी रोह्याला आले, इथे नळाला कुंडलिका नदीचं गोडं पाणी, तरी माझी ही सवय गेली नाही. अजूनही भावाकडून दर वर्षी मिठाची गोणी येते.

गाडी नवऱ्याची. माझी म्हणायची सोय नव्हती, कारण मला तिला हात लावायला बंदी होती. कंपनीत वीस वर्षं शिफ्ट केल्यावर त्यांनी ती घेतली, गडद निळ्या रंगाची, आणि त्यानंतर बारा वर्षं दर रविवारी ती धुतली. आधी छप्पर, मग काचा, मग बॉनेट, मग दारं, आणि चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने. बॉनेटचं फडकं चाकाला लागलं तर त्या फडक्याची पायपुसण्यात बदली. गाडी धुवायला तीन बादल्या गोडं पाणी लागायचं. मी दारात उभी राहून ते पाणी फरशीवरून गटाराकडे जाताना बघायची आणि माझा जीव तीळतीळ तुटायचा. एकदा मी म्हटलं, आमच्या गावात एवढ्या पाण्यात एक लग्न उरकतं. ते म्हणाले, मग तुमच्या गावातल्या गाड्यांचे पत्रे बघ जाऊन. ते खरंच होतं, खाडीच्या वाऱ्याने आमच्याकडे सायकलसुद्धा दोन वर्षांत गंजते.

दीड वर्षापूर्वी ते सकाळची शिफ्ट संपवून घरी आले, बूट काढायला खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना फक्त एक शब्द येत होता, ‘नाय’. जेवता का, नाय. पाणी देऊ का, नाय. आणि दिलं की घटाघटा पीत. हळूहळू थोडे शब्द परत आले, आता लहान वाक्यं बोलतात, मध्ये थांबत थांबत. काठी टेकत घरात चालतात. हात मात्र मागेच राहिला.

तेव्हापासूनचा माझा दिवस सांगते. पहाटे पाचला उठायचं. त्यांना उठवून मोरीपर्यंत न्यायचं, पाटावर बसवायचं, आंघोळ घालायची, दोन्ही काखांत हात घालून उचलायचं. माणूस आजारी पडला की वजन घटतं म्हणतात, यांचं वाढलं. मग कपडे, चहा, गोळ्या, नाश्ता. मग दहा वाजता व्यायाम, चार वाजता परत व्यायाम, आणि मधल्या वेळात शिवणाच्या मशीनवर लोकांचे ब्लाउज. नातेवाईक येतात, ‘किती करतेस गो’ म्हणतात, चहा पितात, जातात. पहिल्या सहा महिन्यांत मला या कौतुकाचं बरं वाटायचं. नंतर कप विसळण्याचा कंटाळा यायला लागला.

व्यायाम शिकवायला नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून एक मुलगी येते, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता. फार गुणी मुलगी आहे. पहिल्याच दिवशी ती त्यांच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसली आणि म्हणाली, हात नुसता हलवायचा म्हणून हलवला तर महिनाभरात कंटाळाल काका, कशासाठी हलवायचा ते ठरवा. बरं झाल्यावर सगळ्यात आधी काय करायचंय? मी बाजूला उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग महत्प्रयासाने एक शब्द काढला, ‘गाडी.’

त्या दिवसापासून गाडी हेच आमच्या घराचं दैवत झालं. टेबलावर फडकं ठेवून त्यावर उजवा तळवा टेकवायचा आणि गोल गोल फिरवायचा, हे पन्नास वेळा. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे. बोटं उघडायची, मिटायची. ते कंटाळले, हात मागे घेतला, की मी म्हणायची, चला, स्टेअरिंग धरायचंय ना? की ते निमूट हात पुढे करायचे. मी दिवसातून दहा वेळा तरी हे म्हटलं असेन. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. गाडी नसती तर या माणसाने केव्हाच हात टाकला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि तीच गाडी मी विकायला काढली.

त्याला कारण होतं. गाडी अंगणात उभी राहून सडत होती. मला चालवता येत नाही, आमची मुलगी लांब, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की हे परत गाडी चालवतील ही आशा धरू नका. कव्हर पहिल्याच पावसाळ्यात फाटलं. शेजारच्या आवारात देशी बदामाचं झाड आहे, त्यावर वटवाघळं येतात आणि अर्धवट खाल्लेली फळं आणि बाकीचं सगळं आमच्या गाडीवर टाकतात. उंदरांनी आतली एक वायर खाल्ली. रोज सकाळी त्यांना मोरीकडून खोलीत आणताना खिडकीतून ती गाडी दिसायची आणि मला वाटायचं, एक दुखणेकरी घरात आणि एक अंगणात, दोघांचं मी एकटीने कुठवर करू.

भावाने गिऱ्हाईक आणलं. निडीजवळच्या एका गावातला शाळामास्तर, बायकोचे दिवस भरत आलेले, त्यांना लगेच गाडी हवी होती. रविवारी येतो म्हणाला. आता प्रश्न कागदाचा. गाडी यांच्या नावावर, सही यांची हवी. भाऊ म्हणाला, पेन्शनचा कागद म्हणून सांग आणि अंगठा घे, त्यांना कुठे वाचता येतंय आता. आणि गाडी दिसेनाशी झाली की सांगू, दुरुस्तीला नेलीय पेणला. मी हो म्हटलं. आज हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की त्यांना कळलं तर व्यायाम सुटेल, आणि व्यायाम सुटला तर जन्मभर हे असंच.

तर त्या गुरुवारी मी गाडी धुवायला काढली. निदान बघण्यासारखी तरी दिसावी. त्यांना खिडकीजवळ खुर्चीत बसवलं, सांगितलं की उभ्या गाडीचा रंग जातो म्हणून धुते.  दीड वर्षाची धूळ तीन बादल्यांत गेली, चार वेळा फडकं पिळलं. पण बॉनेटवर वटवाघळांचे डाग होते, तपकिरी, रंगात मुरलेले. साबणाने जाईनात, गरम पाण्याने जाईनात. मी नखाने खरवडलं. मग कंटाळून घरात गेले, लोणच्यासाठी ठेवलेलं जाडं मीठ घेतलं, वाटीतलं भिजवलेलं आमसूल घेतलं, आणि चांगला पदर खोचून घासायला बसले.

खरं सांगू, इतकं बरं वाटलं. दीड वर्ष मी जे काही करत होते त्यातलं काहीच पुढे सरकत नव्हतं, आणि इथे डाग डोळ्यांसमोर निघत होता. खिडकीतून त्यांचं ‘नाय, नाय’ ऐकू येत होतं. काठी गजांवर आपटत होते. मला वाटलं लघवीला लागली असेल. मी मागे न बघताच ओरडले, ‘आले, दोन मिनिटं थांबा.’ काठी आपटतच राहिली, मी घासतच राहिले. पाणी ओतलं तेव्हा ओली बॉनेट आरशासारखी दिसली. मग ती वाळली. ताटाएवढी जागा पांढुरकी, आंधळी झाली होती आणि जवळून बघितलं तर त्यावर माझ्या हाताचे सगळे फेरे उमटले होते, गोलात गोल. हंडा उजळतो तसा पत्रा उजळत नाही, हे चौपन्न वर्षांच्या बाईला त्या दिवशी कळलं.

मी आत गेले. त्यांनी विचारलं, ‘काय लावलंस?’

‘मीठ,’ मी म्हटलं. ‘आणि आमसूल.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग तोंडाची डावी बाजू हलली, खांदे हलले, आणि ते हसायला लागले. दीड वर्षात पहिल्यांदा. उजव्या बाजूने लाळ गळत होती, ती पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मीही हसले. मग एकदम माझं डोकं फिरलं. तुम्ही आधी नीट सांगायचंत, नुसती काठी काय आपटता, असं काहीबाही मी बोलले. ते सांगतच होते, हे मला बोलताना कळत होतं, तरी बोलले. दमलेल्या माणसाला न्याय सुचत नाही.

रविवार तीन दिवसांवर आला होता आणि आता गाडी आधीपेक्षा वाईट दिसत होती. मला कुणाला तरी विचारणं भाग होतं, आणि घरात ते जाणणारा एकच माणूस होता. जो यातून लांब राहायला हवा होता, त्यालाच मी विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, ‘रबिंग. बारीक आण. जाडं नको.’

संध्याकाळी मी रिक्षाने पुलावरून अष्टमीला गेले आणि रबिंगचा, म्हणजे रंग घासायच्या लेपाचा, डबा आणि मेणाचा डबा घेऊन आले. शुक्रवारी सकाळी त्यांची खुर्ची अंगणातच मांडली. त्यांनी काठीने सगळं दाखवलं. उन्हात नाय, पत्रा गार पाहिजे. मऊ फडकं, म्हणून माझी जुनी सुती साडी फाडली. एका वेळी ताटाएवढीच जागा घ्यायची, लेप वाळायच्या आत पुसायचा, दाबायचं नाही. पाच मिनिटांत साडीचा तुकडा निळाशार झाला. रंगच निघतोय म्हणून मी घाबरले, तर म्हणाले, ‘जाऊ दे. वरचा मेलेला रंग हाय तो.’ आणि खरंच, तासाभराने ते आंधळं ताट दिसेनासं झालं आणि त्या जागी चौदा वर्षांपूर्वीचा निळा रंग वर आला. पण एवढीशी जागा चमकली आणि बाकीची गाडी आणखीच मळकट दिसायला लागली. मग अख्खी बॉनेट करावी लागली. बॉनेट झाली तर दारं बघवेनात. हे काम असं आहे की सुरू केल्यावर मध्ये कुठे थांबायला जागाच मिळत नाही.

दुपारपर्यंत माझे खांदे भरून आले. कंबर तर आधीचीच गेलेली. मी पायरीवर बसले. त्यांची खुर्ची मागच्या दाराला लागून होती. त्यांनी डाव्या हाताने फडकं घेतलं, उजव्या तळव्याखाली ठेवलं आणि तो हात दारावर टेकवला. मग फिरवायला लागले. टेबलावर फिरवायचे तसंच, पण टेबलावर मी मनगट धरायची, इथे कुणी धरलं नव्हतं. हात घसरून खाली यायचा, ते डाव्या हाताने परत वर ठेवायचे. पाऊण तासात त्यांनी भाकरीएवढी जागा चकचकीत केली. बरोबर त्या भाकरीत त्यांचा चेहरा दिसत होता, थोडा वाकडा, घामाने डबडबलेला.

दुसरी कुणी असती तर आनंदाने रडली असती. मला चोरासारखं वाटलं. ज्या गाडीसाठी हा माणूस घाम गाळतोय ती परवा दारातून जाणार होती, आणि तिला गिऱ्हाइकाच्या नजरेत भरवण्याचं काम मी त्याच्याच हातून करून घेत होते. चार वाजता ती मुलगी आली, तिने ती चकचकीत जागा बघितली आणि म्हणाली, काकू, हे तर टेबलापेक्षा शंभर पट चांगलं, रोज एक दार करा. मी मान हलवली. दारं चारच होती आणि दिवस दोन.

शनिवारी मेण. ते सोपं काम आहे, फक्त धीर लागतो. पातळ थर लावायचा, तो वाळून पांढरा धुरकट होईपर्यंत थांबायचं, मग कोरड्या फडक्याने पुसायचं. थांबताना करण्यासारखं काही नसतं, म्हणून आम्ही दोघं गाडीसमोर बसून होतो. ऊन उतरलं होतं. मी डब्याचं झाकण लावत होते, तेव्हा ते म्हणाले, ‘कोण घेतंय?’

मी म्हटलं, काय?

‘गाडी,’ ते म्हणाले. ‘चालवायची असती तर आधी बॅटरी बघितली असतीस. चाकं बसलीत. हवा नाय. तू नुसता रंग घासतेस.’

हातातला डबा मी खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मास्तर, त्याची बायको, भाऊ, पेणला दुरुस्तीला नेल्याची थाप. अंगठ्याचंही सांगितलं. इतका वेळ ते शांत होते, अंगठ्याचं ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा लाल झाला. ‘अंगठा नाय,’ ते म्हणाले. ‘सही करीन.’  गाडीवरून मात्र रागावले नाहीत, रडले नाहीत. मी विचारलं, मग व्यायाम चालू ठेवाल ना?  ते गाडीकडे बघून म्हणाले, ‘पूस आता. जास्त वाळला तर निघत नाय.’

मी पुसत गेले आणि गाडी उजळत गेली. तेवढ्या वेळात मी पाच वेळा तरी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं असेल. ते डाव्या हातात पेन्सिल धरून वर्तमानपत्राच्या कडेवर आपलं नाव गिरवत होते.

रविवारी दहा वाजता भाऊ आला, सोबत मेकॅनिक आणि चार्ज केलेली बॅटरी. मागोमाग मास्तर आणि त्याची बायको. ती बिचारी पायरीवरच बसली, मी तिला पाणी दिलं. मास्तर गाडीभोवती फिरला आणि खुश झाला, चौदा वर्षांची वाटत नाही म्हणाला. माझ्या नवऱ्याने मला खूण केली. ‘मिठाचं सांग.’ मी नको म्हणून डोळे वटारले, पण ते हटेनात. शेवटी मी त्या परक्या माणसाला सांगितलं की बॉनेटच्या मध्यावर मी मिठाने घासलंय, तिथला रंग पातळ झाला असेल. तो वाकून बघायला लागला, हात फिरवला, त्याला काही दिसलं नाही. त्याची बायको मात्र हसली. तिचं माहेरही खाडीकडचंच निघालं.

सही त्यांनी डाव्या हाताने केली. पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं आली. ती जुळेल न जुळेल ते पेणला आरटीओच्या ऑफिसात बघू, भाऊ म्हणाला. त्यांनी मास्तरला एकच विचारलं, गाडी कुठे लावणार, आणि पत्र्याची शेड आहे म्हटल्यावर मान डोलावली. झाडाखाली लावू नको, एवढं सांगितलं. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा ते बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. मला काहीच ओळखता आलं नाही. अंगण उगाचच मोठं वाटायला लागलं आणि मी झाडू घेऊन ते झाडायला लागले.

सोमवारी सकाळी त्यांची आंघोळ, चहा, गोळ्या सगळं झालं. दहा वाजता मी टेबल पुढे ओढलं, फडकं ठेवलं. त्यांनी हात पुढे केला नाही. ‘आज नको,’ म्हणाले. मी म्हटलं, पन्नास नको, पंचवीस करा. ‘नको.’ चार वाजता परत टेबल ओढलं, परत नको. ज्याची भीती होती तेच समोर आलं होतं, आणि भीती खरी झाली की मला आधी राग येतो. मी तोंड सोडलं. म्हटलं, पत्र्याच्या डबड्यात जीव होता का तुमचा? दीड वर्ष मी हाडाची काडं केली ती काय तुमच्या गाडीसाठी? माझं काय झालंय ते कधी बघितलंत? असंच पडून राहायचं असेल तर तसं सांगा, मी पण पडते तुमच्या शेजारी. अजूनही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. एकदा फक्त म्हणाले, ‘जरा पड जा.’ मला वाटलं, माझी कटकट नको म्हणून मला घालवतायत. मी मुद्दाम मशीनवर जाऊन बसले आणि दिवे लागेपर्यंत दोन ब्लाउज शिवले.

मंगळवारी ती मुलगी आली. मी तिला फाटकातच गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, आता तूच बघ, माझ्याने होत नाही. ती आत गेली, मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात. मध्ये नुसता पडदा आहे, सगळं ऐकू येतं. तिने मोडा ओढल्याचा आवाज आला. काका, ती म्हणाली, गाडी गेली असं कळलं. मग आता कशासाठी हात हलवायचा?

 मला वाटलं, ‘नाय’ म्हणतील. मग त्यांचा आवाज आला, एकेक शब्द शोधत.

‘गाडी मला नको व्हती. चालवायला जमनार नाय ते ठाव व्हतं. तू पयल्या दिवशी विचारलंस, तवा ही बाजूला उभी, रडत. हिला बरं वाटंल असं कायतरी बोलायचं व्हतं. म्हणून बोललो गाडी.’

त्या मुलीने विचारलं, मग खरं काय करायचंय?

‘आंघोळ,’ ते म्हणाले. ‘माझी मला करायची. ही उचलते मला रोज. हिची कंबर गेलीय. पाचला उठते. हिला झोपू दे जरा.’

ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, करू या की, त्याला फार दिवस नाही लागणार. मग तिने विचारलं, पण मग काल व्यायामाला नको का म्हणालात?

‘काल हिला सुट्टी दिली व्हती,’ ते म्हणाले. ‘तीन दिवस गाडी घासत व्हती.’

चहा उकळला होता. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून तिथेच उभी राहिले. दीड वर्षात मला मिळालेली ती एकच सुट्टी होती, आणि ती मी त्यांना वाटेल ते बोलण्यात घालवली होती.